माळ तुटली, आता कुठल्या तोंडानं जाऊ?

या वेळचं पत्र साताऱ्याकडून आलं आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं आवरून देते.

"ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४३. पंधरा वर्षं पितोय, गेली चार वर्षं रोज. सकाळी हात इतके थरथरतात की फळ्यावर सरळ रेघ येत नाही, म्हणून शाळेत जायच्या आधी नाइंटी घ्यावी लागते. गुरुजी म्हणवून घ्यायची लायकी राहिलेली नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मोडली. दोन वर्षांपूर्वी आषाढीला माळ घातली. चार महिने पाळली. मेहुण्याच्या हळदीच्या रात्री मोडली. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, तेव्हापासून देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो नाही. गेल्या श्रावणात एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवशी फिट आली. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडे नेलं. बायको आता म्हणते, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, सभेला जा. पण आमच्या गावात तसलं काही नाही. साताऱ्याला गेलो तर पालक, केंद्रप्रमुख, कुणीतरी बघणारच. शिवाय तिथं देवाची प्रार्थना असते म्हणतात. मी माळ मोडलेला माणूस, कुठल्या तोंडानं जाऊ? आणि नुसतं बोलून दारू सुटते का?"

गुरुजी,

तुम्हाला गुरुजीच म्हणणार आहे. फळ्यावरची रेघ वाकडी येते याचं ज्याला दुःख होतं, त्याच्यातला शिक्षक शाबूत आहे.

तुम्ही विचारलंत त्याच्या आधी, जे विचारलं नाहीत ते सांगते, कारण ते जिवाशी आहे. गेल्या श्रावणात आलेली फिट ही बाहेरची बाधा नव्हती. रोज, सकाळपासून पिणाऱ्या माणसानं एकदम दारू थांबवली की असं होऊ शकतं. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू अचानक गेली की तो जोर तसाच उरतो आणि मेंदू उतारावर ब्रेक निघालेल्या गाडीसारखा सुटतो. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे पहिल्याच दिवशी सुरू होतं. फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटतात, ताप चढतो. यात माणसं दगावतात. एकदा फिट आलेल्याला पुढच्या वेळीही ती येण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून या वेळी श्रावण पाळल्यासारखी दारू सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा किंवा चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, आणि पहिलं वाक्य हेच सांगा: "मी रोज सकाळी पितो आणि मागच्या वेळी सोडल्यावर फिट आली होती." ते काही दिवस दाखल करून घेतील. मेंदू शांत ठेवणारी औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन हा आठवडा सुखरूप पार पाडता येतो. तोवर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. दारूच्या सल्ल्यात "बंद करू नका" असं वाक्य लिहायला मलाही जड जातं, पण तुमच्या बाबतीत ते खरं आहे.

केंद्रप्रमुख बघतील असं लिहिलंत, त्यात नोकरीची भीती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या व्यसनातून होणारा त्रास आजारात धरला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. वैद्यकीय रजा टाका. उपचार घेणं हा गुन्हा नाही. पिऊन वर्गात उभं राहणं मात्र आहे, आणि आज तुमची नोकरी खरी धोक्यात आहे ती त्या नाइंटीमुळे.

आता माळेचं. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि तिन्ही वेळा देव्हाऱ्याच्या त्या ओळीशी थांबले.

माझं माहेर वारकऱ्यांचं. माळ घालून दारू सुटलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि माळ घालून चार महिन्यांत पुन्हा प्यायला लागलेलीही. दोघांची श्रद्धा सारखीच होती. फरक कुठं पडला हे मला फार उशिरा कळलं. ज्यांची टिकली ते दर एकादशीला भजनाला उभे राहायचे. टाळ घेऊन कुणाच्या तरी शेजारी. एखाद्या एकादशीला आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येऊन विचारायचं, "काल दिसला नाहीस?" वारीत त्यांची दिंडी ठरलेली, चालण्याची जागा ठरलेली, पंगतीत शेजारी कोण बसणार तेही ठरलेलं. ज्यांची मोडली त्यांनी माळ घातली आणि घरी आले. मग गळ्यात माळ, घरात एकटा माणूस आणि संध्याकाळचे सात.

तुम्ही चार महिने पाळलीत, म्हणजे जवळजवळ कार्तिकीपर्यंत. मला एकच विचारायचं आहे: त्या चार महिन्यांत तुम्ही किती वेळा भजनाला गेलात? पत्रात सोबतच्या एकाही माळकऱ्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. शपथ तुम्ही घेतली, माळ तुम्ही घातली, श्रावण तुम्ही पाळला. प्रत्येक वेळी एकट्यानं, आणि हळदीच्या रात्री ग्लास पुढं आला तेव्हाही तुम्ही एकटेच होतात. तुमचा निश्चय कमी पडला असं मला वाटत नाही. कमी पडली ती संगत.

तुमची बायको जिथं जा म्हणते आहे तिथं काय मिळतं, तर हीच संगत. ती सुरू कशी झाली ते सांगते, कारण त्यात तुमच्यासारख्याच थरथरत्या हातांची गोष्ट आहे. १९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. त्याची दारू काही महिन्यांपूर्वी सुटली होती. काम फिसकटलं. हॉटेलात एका बाजूला बार, आतून हसण्याबोलण्याचे आवाज, खिशात फारसे पैसे नाहीत. त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललं पाहिजे, नाहीतर आपण आत जाऊ. त्यानं चर्चमध्ये फोन लावले आणि त्यातून त्याची गाठ गावातल्या एका शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर बॉब स्मिथ. डॉक्टर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायला तयार नव्हते. बसले ते रात्री उशिरापर्यंत, कारण हा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. त्याला डॉक्टरांना सुधारायचं नव्हतं, स्वतःला त्या रात्री वाचवायचं होतं.

आणि पुढचं लक्ष देऊन वाचा. एवढं होऊनही डॉक्टर बॉब पुन्हा प्यायले. परिषदेला म्हणून बाहेरगावी गेले आणि पिऊन परतले. परत आल्यावर त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. त्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून खुद्द बिलनंच त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच त्यांची शेवटची दारू. तारीख १० जून १९३५, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात त्याच दिवसापासून धरतात. हाताची थरथर थांबवायला तेव्हा त्यांच्याकडे बिअर होती, आज डॉक्टरांकडे औषधं आहेत, म्हणून यातलं ते तेवढं उचलू नका. पण मोडलेल्या माणसापासूनच ही गोष्ट सुरू झाली, हे मनात ठेवा. भारतात एए १९५७ मध्ये आलं. तिथल्या खोलीत जो जो बसलेला असेल त्यानं काही ना काही मोडलेलं आहे. माळ मोडलेले तर तुम्हाला पहिल्याच सभेत भेटतील.

आता मी पाहिलेलं सांगते. माझा थोरला भाऊ, दादा, पीत असे. पुण्यात मी त्याच्याबरोबर पहिल्या सभेला गेले होते. महिन्यातून एखादी सभा खुली असते, तिला घरचे किंवा कुणीही येऊ शकतं. बाकीच्या सभांना फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच. जागा महापालिकेच्या शाळेतला वर्ग. फळ्यावर दुपारचं लसावि-मसावि तसंच. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली, रिक्षावाले, बँकेतले, एक निवृत्त फौजदार, एक अगदी विशीतला मुलगा. भिंतीला लावलेल्या फलकावर एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याचे बारा टप्पे, लिहिलेले. एक जण किटलीतून चहा देत होता. सगळ्यांचे कप त्यानं भरून दिले, दादाचा अर्धाच भरला. मला राग आला, नव्या माणसाला असं का? नंतर दादाचे हात पाहिले. भरलेला कप त्याच्या हातून सांडला असता आणि सगळ्यांसमोर तो ओशाळला असता. चहा देणाऱ्याला ते न सांगता कळलं होतं, कारण कधीकाळी त्याच्याही कपातून चहा सांडला होता. दादाचा कप संपल्यावर त्यानं पुन्हा अर्धा भरला. त्या अर्ध्या कपानं दादाला जेवढा धीर दिला तेवढा आम्ही घरच्यांनी दहा वर्षांत दिला नव्हता.

सभा साधारण दीड तास चालते. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण उठून स्वतःचं सांगतो. याला तिथं शेअरिंग म्हणतात. "मी अमुक, मी मद्यपी आहे" अशी सुरुवात, फक्त पहिलं नाव. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, "असं कसं केलंस" म्हणत नाही. तुमच्यावर बोलण्याची सक्ती नाही. "आज मी फक्त ऐकतो" एवढं म्हणून बसून राहा. हजेरीपट नाही, फॉर्म नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, सदस्य त्यात आपापल्या परीनं पैसे टाकतात, त्यातूनच जागेचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. नव्या माणसानं काही टाकावं अशी अपेक्षाही नसते. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. आदल्या रात्री प्यायला असाल तरीही या. एखाद्या दिवशी पिऊनच पोचलात तर बहुतेक ठिकाणी बोलायला देणार नाहीत, पण बसू देतील.

देवाबद्दल विचारलं आहे. हो, शेवटी उभं राहून प्रार्थना म्हणतात आणि बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो "आम्हाला जसा समजला तसा" अशा शब्दांत. नास्तिक माणसंही तिथं वर्षानुवर्षं येतात. काही जण त्या खोलीतल्या लोकांनाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. तुमचं मात्र वेगळं आहे, तुमची श्रद्धा गेलेली नाही, तुम्ही लाजून दूर उभे आहात. त्या प्रार्थनेच्या वेळी ओठ हलले नाहीत तरी चालेल. देव्हाऱ्यातली माळ आहे तिथं राहू द्या, तिला सध्या हात लावू नका, तिची शपथही घेऊ नका. पांडुरंगाला अठ्ठावीस युगं उभं राहायची सवय आहे, तुमची वर्षभर वाट बघणं त्याला काही जड नाही.

नुसतं बोलून सुटते का? तुम्ही शिक्षक आहात, आधार मागणारच. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर रुग्ण, असं सगळं एकत्र तपासलं. एएची पद्धत, आणि माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, यांतून पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मान्य मानसोपचारांपेक्षा जास्त दिसलं. ती हमखास गोळी नाही, सगळ्यांना लागू पडत नाही. पण "नुसतं बोलणं" म्हणून बाजूला सारण्यासारखंही ते नाही.

सभा शोधायची कशी? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांनुसार गट, वार आणि वेळा आहेत. तिथं दिलेल्या नंबरवर निघण्यापूर्वी फोन कराच, कारण शाळेच्या परीक्षा लागल्या की जागा बदलते, आणि पहिल्याच दिवशी बंद दार दिसलं तर माणूस सरळ बारकडे वळतो. दादाच्या बाबतीत एकदा असं झालंय. फोनवर "मला यायचं आहे, पहिल्यांदाच" एवढंच म्हणा. पुष्कळदा कुणीतरी स्टँडवर घ्यायला येतं. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथूनही जवळचं केंद्र कळेल. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तुमच्या साताऱ्यातच परिवर्तन ही व्यसनमुक्ती संस्था आहे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. दाखल होऊन राहायची वेळ आली तर तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे, आणि बाहेर पडलेल्यांसाठी राज्यात ठिकठिकाणी त्यांचे पाठपुराव्याचे गट चालतात. मात्र जे केंद्र "रात्रीतून उचलून नेतो" म्हणतं किंवा घरच्यांना भेटू देत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुणी बघेल ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तालुक्याच्या गावात शिक्षकाचा चष्मा बदलला तरी चर्चा होते. म्हणून सुरुवात लांबून करा. पहिल्या तीन-चार सभा कऱ्हाड, पुणे, कोल्हापूर, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथं. करोनापासून ऑनलाइन सभाही सुरू झाल्या आहेत, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं. आजारपणाच्या रजेत हेच करा. पण तिथंच थांबू नका. काही आठवड्यांनी जवळचा गट धरा, कारण रात्री साडेनऊला तल्लफ आली की कोल्हापूरचा माणूस तुमच्या ओट्यावर येऊन बसू शकणार नाही. आणि साताऱ्याच्या सभेत खरोखरच कुणी ओळखीचा पालक दिसला, तर तोही तुमच्याच कारणासाठी तिथं बसलेला असेल. खोलीतलं खोलीत ठेवायचं हा तिथला पहिला नियम आहे. त्यालाही तुमच्याइतकीच गरज आहे.

एका सभेवर मत बनवू नका. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, दुसऱ्या दिवशी राग येतो, तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुमचंच आयुष्य सांगतं. निदान सहा सभा बसा, त्यातल्या दोन वेगळ्या गटात, कारण प्रत्येक गटाचा सूर निराळा असतो. पहिल्या सभेत दोन फोन नंबर मागून घ्या आणि प्यायच्या आधी फोन लावा. पिऊन झाल्यावर फोन करणं सोपं असतं, त्याचा उपयोग नसतो. पुढं एखादा जुना सदस्य आपलासा वाटला तर त्याला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, व्हाल का विचारा, म्हणजे पायऱ्या तो तुमच्याबरोबर चालेल. आणि आयुष्यभराची शपथ तिथं कुणी मागणार नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. शपथांनी पोळलेल्या माणसाला हे हलकं वाटेल.

दोन शब्द वहिनींसाठी. वहिनी, "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती तुमच्याही नजरेला पडल्या असतील. जेवणातून गुपचूप काहीही देऊ नका. अशा पुड्यांत बऱ्याचदा काय असतं याचा पत्ता नसतो, आणि दारूवर प्रतिक्रिया देणारी जी खरी गोळी आहे ती माणसाला न कळता दिली आणि तो प्यायला, तर छाती धडधडून रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरांनी, आणि गुरुजींच्या संमतीनंच द्यायची असते. आणि तुमच्यासाठीही जागा आहे. घरच्यांचे अल-अनॉन गट १९५१ पासून चालत आले आहेत, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. तिथं पहिल्यांदा ऐकू येतं की हा आजार तुम्ही आणलेला नाही, तो तुमच्या ताब्यात नाही आणि बरा करणंही तुमच्या हातात नाही. माझ्या वहिनीनं हे ऐकलं आणि ती त्या रात्री कित्येक वर्षांनी झोपली. ते सभेला गेले नाहीत तरी तुम्ही जा.

दादाची दारू सुटून आता सोळा वर्षं झाली. त्याआधी दोनदा घसरला, दोन्ही वेळा त्याच वर्गात परत गेला आणि दोन्ही वेळा त्याला टाळ्या वाजवून बसवून घेतलं. अजून दर गुरुवारी जातो. आता चहाची किटली त्याच्याकडे असते. तुमचं पत्र, नाव-गाव झाकून, मी त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं तुमच्यासाठी एवढंच सांगितलं: सभा रात्री सुटते, शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा. स्टँडच्या रस्त्यावर दारूचं दुकान असणारच, तेवढं अंतर एकट्यानं चालू नका. सभेतल्या कुणालाही म्हणा, स्टँडपर्यंत येता का. येतात.